लॅपटॉप एक, भाषा चार: सगळ्यांचा संसार एकाच घरात कसा मांडायचा?

सी भाषेत 'इंट' हा प्रकार मेमरीत किती बाइट जागा घेतो?

कॉम्प्युटर शिकणाऱ्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाकून बघा. कुणी म्हणेल २, कुणी म्हणेल ४. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. २ म्हणणाऱ्याने टर्बो सी वर प्रोग्रॅम चालवलेला असतो, ४ म्हणणाऱ्याने जीसीसी वर. बोरलँड कंपनीचं टर्बो सी आलं १९८७ साली, तेव्हाच्या १६ बिटच्या कॉम्प्युटरसाठी. तिथे इंटची मजल ३२७६७ पर्यंत. त्यात १ मिळवला की उत्तर येतं उणे ३२७६८. तोच कोड आजच्या जीसीसीवर चालवला तर गुपचूप ३२७६८ छापतो. कोड तोच, भाषा तीच, उत्तरं वेगळी.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये ती निळी खिडकी अजूनही उघडते. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून तिच्याखाली डॉसबॉक्स नावाचा टेकू लावावा लागतो. हा टेकू सोडून मुलं घरी आधुनिक साधनांवर काम करायला घेतात, तेव्हा पहिला धक्का बसतो. पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला तरी चालत नाही. स्क्रीन पुसणारी आज्ञा सापडत नाही, सी प्लस प्लसची हेडर फाइल ओळखली जात नाही. कारण टर्बो सी प्लस प्लस आलं १९९० साली आणि त्या भाषेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ साली.

मग दुसऱ्या वर्षाला जावा येते, तिसऱ्याला पायथन, प्रोजेक्टसाठी जावास्क्रिप्ट. प्रत्येक वेळी यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ बघून काहीतरी इन्स्टॉल होतं. शेवटच्या वर्षापर्यंत लॅपटॉपमध्ये तीन पायथन, दोन जावा आणि चार एडिटर साठतात. यातलं नेमकं काय चालू आहे हे लॅपटॉपच्या मालकालाही सांगता येत नाही. प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी सगळं अडतं ते इथेच.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. फक्त कुठल्या गोष्टी एकत्र ठेवायच्या आणि कुठल्या कटाक्षाने वेगळ्या, हे आधी समजून घ्यावं लागतं.

एडिटर म्हणजे ओटा, शेगडी नव्हे

'व्हीएस कोड टाकलं, तरी सी चा प्रोग्रॅम चालत नाही' ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. त्यामागे एक गैरसमज आहे. व्हीएस कोड हा एडिटर आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा. ओट्यावर भाजी चिरता येते, डबे मांडता येतात, पण ओटा स्वतः काही शिजवत नाही. त्यासाठी शेगडी लागते. सी साठी ती शेगडी म्हणजे कंपायलर, पायथनसाठी इंटरप्रिटर, जावासाठी जेडीके, जावास्क्रिप्टसाठी नोड. व्हीएस कोडमध्ये सी चं अधिकृत एक्स्टेन्शन टाकलं तरी त्यासोबत कंपायलर येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. टर्बो सी मध्ये सगळं एकाच डब्यात मिळायचं, त्यामुळे हा फरक कधी कळतच नाही.

पण मग एकच एडिटर इतक्या भाषा कसा समजतो? अर्धा शब्द टाइप केला की पुढचा सुचवतो, चूक असेल तिथे लाल रेघ ओढतो, हे त्याला कोण शिकवतं?

पूर्वी ते प्रत्येक एडिटरला वेगळं शिकवावं लागायचं. समजा, बाजारात १० एडिटर आहेत आणि २० भाषा. प्रत्येक जोडीसाठी वेगळं काम म्हणजे २०० कामं. त्यामुळे लोकप्रिय भाषांचे लाड व्हायचे आणि बाकीच्या वाऱ्यावर. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेनव्ही या कंपन्यांनी एक सामायिक बोली जाहीर केली, 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल'. आता प्रत्येक भाषेने आपला एकच 'सर्व्हर' बनवायचा. इथे सर्व्हर म्हणजे दूरचं मशीन नाही, तुमच्याच लॅपटॉपवर मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम. एडिटर त्याला विचारतो, 'या ओळीवर पुढे काय येऊ शकतं?' आणि तो उत्तर देतो. २०० कामांची झाली ३०.

एकाच एडिटरमध्ये चार भाषा सुखाने नांदतात त्या या बोलीमुळे. ती फक्त व्हीएस कोडची मक्तेदारी नाही. निओव्हिम, ईमॅक्स, सब्लाइम टेक्स्ट यांनाही ती येते. तरी लोकांचा ओढा कुठे आहे हे उघड आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ७३ टक्क्यांहून जास्त डेव्हलपर्सनी व्हीएस कोड वापरत असल्याचं सांगितलं. जाता जाता एक गोष्ट: हा एडिटर उभा करणाऱ्या टीमचे प्रमुख एरिक गॅमा हे त्याआधी एक्लिप्स उभारणाऱ्यांमध्येही होते. एका पिढीने जावा शिकताना ज्या एक्लिप्सच्या नावाने बोटं मोडली, तेच.

तर पहिला निर्णय सोपा. एडिटर एकच ठेवा. कुठला, यावर भांडण्यात फार अर्थ नाही. एक्स्टेन्शन मात्र हात राखून टाका. एडिटर तुमच्या लॅपटॉपवर जे जे करू शकतो, ते सगळं एक्स्टेन्शनही करू शकतं. नाव ओळखीचं वाटलं म्हणून भरवसा न ठेवता ते कुणी प्रसिद्ध केलंय ते बघा. एका भाषेला एक मुख्य एक्स्टेन्शन पुरतं. दहा टाकली की एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो.

खरी गडबड होते 'पाथ'मध्ये

टर्मिनलमध्ये 'पायथन' असं टाइप करून एंटर दाबलं की काय होतं? कॉम्प्युटर सगळी डिस्क शोधत बसत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. यादीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये पायथन नावाचा प्रोग्रॅम आहे का बघायचं, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबायचं. त्यापुढे आणखी चार पायथन असले तरी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

एवढं कळलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. विंडोजवर पायथनचा इन्स्टॉलर सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर खाली एक चौकोन असतो: पायथन पाथमध्ये जोडायचा का? तो आपोआप टिक केलेला नसतो. घाईत 'इन्स्टॉल'वर क्लिक केलं की पायथन येतो, पण टर्मिनलला दिसत नाही. वर विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याच नावाचा एक फसवा दरवाजा ठेवला आहे. पायथन टाइप केलं की थेट त्यांचं स्टोअर उघडतं. मुलांना वाटतं, आपला पायथनच बिघडला.

जावाची कथा आणखी वेगळी. नवीन जावा टाकली, 'जावा होम' नावाची सेटिंगही बदलली, तरी आवृत्ती जुनीच दिसते. ओरॅकलचा इन्स्टॉलर 'जावापाथ' नावाचं आपलं फोल्डर पाथमध्ये घालून ठेवतो. ते यादीत वर असेल, तर तुम्ही खाली काहीही जोडा, रांगेत पुढे तेच उभं.

म्हणून नवीन काही टाकण्याआधी आहे त्याची झडती घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव, मॅक किंवा लिनक्सवर 'विच' आणि पुढे तेच नाव टाकलं की सध्या कुठला प्रोग्रॅम धावतोय त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. तीन पत्ते आले तर दोन का आहेत हे आठवा. आठवत नसेल आणि तुम्हीच टाकलेले असतील, तर विंडोजच्या सेटिंगमधून रीतसर अनइन्स्टॉल करा. पाथ बदलल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, कारण उघडी खिडकी जुनीच यादी धरून बसलेली असते. अनेकांची अख्खी संध्याकाळ या एका गोष्टीपायी जाते.

लिनक्सवाल्यांनी मात्र झडती घेताना हात आखडता ठेवावा. उबुंटूमध्ये आधीपासून असलेला पायथन तुमचा नाही, तो सिस्टिमचा आहे. तिची स्वतःची कितीतरी साधनं त्याच्यावर चालतात. 'जुना नको' म्हणून तो काढून टाकला, तर पुढच्या वेळी डेस्कटॉप उघडेलच याची खात्री नाही.

एका म्यानात दोन पायथन

पायथनमध्ये ७ ला २ ने भागा. पायथन २ मध्ये उत्तर ३, पायथन ३ मध्ये ३.५. पायथन ३ आली २००८ च्या डिसेंबरमध्ये, पण पायथन २ ला अधिकृतपणे निरोप मिळाला १ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे अकरा वर्षं दोन्ही एकत्र नांदत होत्या. आजही इंटरनेटवरचं जुनं उदाहरण उचलून चालवलं आणि 'प्रिंट'च्या ओळीवरच गाडी अडली, तर तो पायथन २ चा कोड आहे असं समजायला हरकत नाही.

पण आवृत्तीपेक्षा जास्त डोकेदुखी होते ती पॅकेजेसची. पायथनमध्ये 'पिप' वापरून एखादं पॅकेज टाकलं की ते सगळ्या प्रोजेक्टांच्या सामायिक कपाटात जाऊन बसतं. त्या कपाटात एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती हवी आणि वेबसाइटच्या प्रोजेक्टला त्याचीच नवी, तर एकासाठी टाकलं की दुसरं मोडतं. जावास्क्रिप्टच्या दुनियेत हा प्रश्न इतका तीव्र होत नाही, कारण तिथला 'एनपीएम' मुळातच प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं कपाट करतो. नोड मॉड्यूल्स नावाचं ते अगडबंब फोल्डर म्हणजे तेच. डिस्क खातं, पण शेजाऱ्याशी भांडत नाही.

पायथनमध्ये हे वेगळं कपाट आपल्याला करून घ्यावं लागतं. त्याला म्हणतात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ पासून त्यासाठीचं 'व्हीएन्व्ह' हे साधन पायथनसोबतच मिळतं, वेगळं काही शोधायला लागत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एकदा ते तयार करायचं, काम सुरू करताना चालू करायचं आणि मगच पिप वापरायचं. व्हीएस कोडमध्ये पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात कुठला पायथन निवडलाय ते दिसतं. 'पॅकेज टाकलंय, तरी सापडत नाही' ही चूक आली की पहिली नजर त्या कोपऱ्यात जायला हवी. बहुतेक वेळा पॅकेज एका पायथनमध्ये गेलेलं असतं आणि एडिटर दुसराच चालवत असतो.

ही शिस्त आता ऐच्छिकही राहिलेली नाही. २०२३ पासून डेबियन १२ आणि नव्या उबुंटूमध्ये सिस्टिमच्या पायथनवर थेट पिप चालवलं, तर ते नकार देतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला सांगतं. हा नकार डावलण्यासाठी एक पर्याय आहे आणि इंटरनेटवर तो भरभरून सुचवला जातो. त्या पर्यायाचं नावच मुळी 'सिस्टिमची पॅकेजेस मोडा' अशा अर्थाचं आहे. बनवणाऱ्यांनी यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं?

अजून एक. तयार झालेलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पेनड्राइव्हवर घालून मित्राला देऊ नका. त्याच्या आत तुमच्या लॅपटॉपवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, ते दुसरीकडे लागू पडत नाहीत. द्यायची ती फक्त पॅकेजेसची यादी. 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नावं आणि आवृत्त्या लिहिल्या की मित्र आपल्या लॅपटॉपवर तेच कपाट नव्याने भरू शकतो. २०२४ मध्ये आलेलं 'यूव्ही' नावाचं साधन हे सगळं, म्हणजे पायथनची हवी ती आवृत्ती आणण्यापासून कपाट भरण्यापर्यंत, एकट्याने आणि फार वेगात करतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ तिथून करावी.

जावा ८ की जावा २१?

जावाच्या बाबतीत एक आकडेमोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या जावाने कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुन्या जावावर चालवला, की क्लास फाइलची आवृत्ती जुळत नाही अशी चूक येते आणि त्यात ६५ किंवा ५२ असले आकडे दिसतात. त्यातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे जावा २१, ५२ म्हणजे जावा ८. कोड कशाने बनला आणि कशावर चालवला जातोय हे लगेच कळतं.

जावा ८ आली २०१४ मध्ये, पण बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या जुन्या सिस्टिममध्ये ती अजून ठाण मांडून आहे. त्यामुळे शिकणाऱ्याला नवी हवी आणि नोकरीत जुनी भेटते, असं होऊ शकतं. दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवायच्या तर हाताने पाथ बदलत बसण्यापेक्षा आवृत्त्या सांभाळणारं साधन बरं. जावासाठी एसडीकेमॅन, नोडसाठी एनव्हीएम, पायथनसाठी पायएन्व्ह, रस्टसाठी रस्टअप. प्रत्येक भाषेचा वेगळा मुनीम. चार भाषा झाल्या की चार मुनीम आणि त्यांच्या चार तऱ्हा.

म्हणून मग एएसडीएफ आणि मीझ यांच्यासारखी साधनं आली. सगळ्या भाषांना एकच मुनीम. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची: पायथन अमुक, जावा तमुक, नोड इतकी. त्या फोल्डरमध्ये शिरलं की त्या आवृत्त्या आपोआप पुढे येतात, बाहेर पडलं की मागे जातात. मीझ हे नाव घेतलंय फ्रेंच स्वयंपाकघरातल्या 'मीझ आँ प्लास' या शब्दावरून. फोडणी टाकण्याआधी मोहरी, जिरं, कढीपत्ता हाताशी मांडून ठेवायचा, तसलाच प्रकार.

विंडोजवर राहायचं की आत लिनक्स उघडायचं?

यातली अनेक साधनं मुळात मॅक आणि लिनक्ससाठी लिहिलेली आहेत. विंडोजवर ती एक तर चालत नाहीत किंवा त्यांचा वेगळा अवतार शोधावा लागतो. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने यावर स्वतःच तोडगा दिला, 'विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स'. एका आज्ञेत विंडोजच्या आत उबुंटू येतं. एडिटर बाहेर विंडोजमध्ये, कंपायलर आणि इंटरप्रिटर आत लिनक्समध्ये, अशी विभागणी करता येते.

फक्त पायथन आणि थोडं जावास्क्रिप्ट करायचं असेल, तर याची गरज नाही, विंडोज पुरेसं आहे. पण सी, सी प्लस प्लससोबत आणखी दोन भाषा असतील, तर हा मार्ग कमी त्रासाचा पडतो. प्रोजेक्टच्या फाइल लिनक्सच्या घरात ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून आतून उघडल्या की वेग जाणवण्याइतका मंदावतो. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, तर ते आधी चालू करावं लागतं.

विंडोजवरच राहणार असाल, तर फोल्डरच्या नावात रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षरं टाळलेली बरी. 'माझा प्रोजेक्ट' हे नाव कितीही गोड वाटलं, तरी काही जुनी साधनं त्यावर अडखळतात. प्रोजेक्ट वनड्राइव्हमध्येही ठेवू नका. नोड मॉड्यूल्समधल्या हजारो बारक्या फाइल ते ढगात चढवत बसतं.

डॉकर सगळ्यांना हवंय का?

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. कल्पना अशी, की प्रोग्रॅमसोबत त्याचं सगळं बिऱ्हाडच बांधून द्यायचं. लायब्ररी, आवृत्त्या, सेटिंग, सगळं. 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' या वाक्याला त्यातून उत्तर मिळालं. त्याच्याच जोरावर व्हीएस कोडमध्ये डेव्ह कंटेनर करता येतात. प्रोजेक्टमध्ये एक फाइल ठेवली की उघडणाऱ्या प्रत्येकाला तेच वातावरण मिळतं.

चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये हे खरंच उपयोगी आहे. पण ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर, एडिटर आणि ब्राउझरचे वीस टॅब एकत्र उघडले की लॅपटॉपला धाप लागते. एकट्याने शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून याची गरज नाही. लॅपटॉप फारच जुना असेल, तर गिटहब कोडस्पेसेससारखी सेवा ब्राउझरमध्येच तयार वातावरण देते. २०२२ मध्ये ती वैयक्तिक खात्यांना खुली करताना दोन कोअरच्या मशीनवर महिन्याला ६० तास मोफत, असं जाहीर झालं होतं. अर्थात, लाइट आणि नेट दोन्ही असेल तेव्हाच.

काही गोष्टी या एका घरात कोंबायच्या भानगडीत न पडलेलंच बरं. अँड्रॉइड ॲप करायचं असेल, तर गुगलचं अँड्रॉइड स्टुडिओ वेगळं ठेवा, एमुलेटरपासून सगळं तिथे जुळवलेलं असतं. आयफोनच्या ॲपसाठी एक्सकोड आणि त्यासाठी मॅक लागतोच. मोठ्या जावा प्रोजेक्टवर दिवसभर काम करणारे अनेक जण इंटेलिजे सोडायला तयार नसतात आणि त्यांचं चुकतही नाही.

सगळं मांडून झालं, की प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी नव्हे, तर पंधरा दिवस आधी एक परीक्षा घ्या. प्रोजेक्टच्या फोल्डरची एक प्रत करा. त्यातलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि नोड मॉड्यूल्स काढून टाका, फक्त कोड, पॅकेजेसची यादी आणि आवृत्त्यांची फाइल ठेवा. सोबत 'रीडमी'मध्ये चार ओळी लिहा: काय टाकायचं, कुठली आज्ञा द्यायची. हे फोल्डर अशा मित्राला द्या, ज्याने तो कोड कधी बघितलेला नाही, आणि त्याच्या शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल आणि 'आता काय?' म्हणून तुमच्याकडे बघेल, तिथली आज्ञा रीडमीत लिहायची राहिलेली असते.